बंदीहुकूम कोणी वाचावा? : ‘श्रेया सिंघल’ निकालाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला बंदी हा विषय अपरिचित नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने त्याचे प्रयोग थांबवले. १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. स्वातंत्र्यानंतर, १९७२ मध्ये, विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीत सापडले आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला. त्या सगळ्या लढ्याची हकिकत सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. या प्रत्येक प्रसंगी लेखनाला अडवणारी सत्ता समोर उभी होती, तिच्या हाती कागद होता आणि कागदावर कारण लिहिलेले होते. ते कारण तकलादू असेल, अन्यायाचे असेल, प्रसंगी हास्यास्पदही असेल. पण ते वाचता येत होते, त्याला उत्तर देता येत होते, आणि पन्नास-शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाला दप्तरखान्यात बसून त्याचा छडा लावता येत होता. बंदीचा इतिहास लिहिता आला, कारण बंदीला कागद होता.

इंटरनेटवरील लेखनाच्या बाबतीत हा कागदच वाचकापासून आणि पुष्कळदा लेखकापासूनही दूर ठेवला गेला आहे. ही परिस्थिती कोठून आली, याचा शोध घेताना श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २४ मार्च २०१५च्या निकालाशी थांबणे भाग पडते. हा निकाल भारतातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची सनद म्हणून गौरवला जातो. महाविद्यालयीन पातळीवरील चर्चासत्रांत त्याचा उल्लेख झाला की बहुधा कलम ६६अ रद्द झाल्याचा आनंद व्यक्त होतो आणि चर्चा तेथेच संपते. प्रस्तुत लेखात या निकालाकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे. तिच्या पूर्वार्धात जे तत्त्व मांडले गेले ते उत्तरार्धापर्यंत टिकले काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

पालघरची घटना

या खटल्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि परिसरातील व्यवहार बंद राहिले. पालघर येथील एका एकवीस वर्षांच्या तरुणीने या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारा मजकूर फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. दोघींनाही अटक झाली. लिहिणारीच्या चुलत्यांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्याचा भाग होता. पुढे संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि गुन्हाही मागे पडला. परंतु ‘लाइक’ करणे हाही गुन्हा ठरू शकतो, ही गोष्ट देशाला प्रथम कळली ती पालघरमुळे. दिल्लीतील कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल हिने त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

ज्या कलमावर ही कारवाई उभी होती ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ डिसेंबर २००८ मध्ये संसदेने दुरुस्तीद्वारे, फारशी चर्चा न होता, मंजूर केले आणि ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. संगणक किंवा दूरसंचार साधनाद्वारे ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अथवा धमकीवजा मजकूर पाठवणे, खोटी माहिती ठाऊक असूनही त्रास, गैरसोय, अपमान, वैर इत्यादी उत्पन्न करण्यासाठी ती पाठवणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. ‘गैरसोय’ हा शब्द फौजदारी कायद्यात कसा शिरला असेल, हा भाषाशास्त्राच्या नव्हे तरी शासनशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य हाताळावा असा विषय आहे.

निकालाचा पूर्वार्ध

न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने दिलेला आणि न्या. नरिमन यांनी लिहिलेला हा निकाल गद्य म्हणूनही वाचनीय आहे. होम्स आणि ब्रँडाइस या अमेरिकी न्यायमूर्तींच्या मतांचा आधार घेत तो एका साध्या त्रिसूत्रीपाशी येतो : चर्चा, प्रचार आणि चिथावणी. पहिल्या दोन गोष्टी, मग त्या कितीही अप्रिय असोत, संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ)च्या कवचाखाली आहेत; चिथावणीची पातळी गाठली गेली तरच अनुच्छेद १९(२)मधील निर्बंधांचा प्रश्न येतो. कलम ६६अ ही पातळी पाहतच नाही, म्हणून ते संपूर्णपणे रद्द.

निकालातील सर्वांत मोलाचे विवेचन शब्दांच्या संदिग्धतेविषयी आहे. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ म्हणजे काय, याचे उत्तर न्यायाधीशही एकमुखाने देऊ शकत नाहीत, हे दाखवण्यासाठी न्यायालयाने इंग्लंडमधील दोन खटले घेतले. त्यांपैकी एक विशेष लक्षणीय आहे. बर्फामुळे विमानतळ बंद पडल्यावर वैतागलेल्या एका तरुणाने ट्विटरवर तो उडवून देण्याची थट्टेची धमकी लिहिली. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने ती थट्टा असल्याचे मान्य करून शिक्षा रद्द केली. कायद्याचे शिक्षण घेतलेल्यांचे मत जेथे असे दुभंगते, तेथे सामान्य नागरिकाने आणि ठाण्यातल्या फौजदाराने काय करायचे, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा रोख आहे. स्त्रीमुक्ती किंवा जातिनिर्मूलन यांविषयीची उदार मतेही कोणा एका वर्गाला त्रासदायक वाटू शकतील आणि कलमाच्या जाळ्यात सापडतील, असे उदाहरणही निकालात येते. मराठी वाचकाला येथे आगरकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. ‘सुधारक’च्या संपादकाची त्याच्या हयातीतच पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली होती. ‘त्रास’ हाच निकष असता तर एकोणिसाव्या शतकातील प्रबोधनाचे बहुतेक वाङ्मय दखलपात्र ठरले असते.

येथपर्यंत निकालाची बैठक भक्कम आहे. लेखकाला शिक्षा करण्यापूर्वी सत्तेने नेमके बोलले पाहिजे, हे त्याचे सूत्र आहे.

निकालाचा उत्तरार्ध

याच निकालात कलम ६९अ आणि त्याखालील २००९चे नियम वैध ठरवले गेले. या कलमाचा विषय शिक्षा नसून मजकूर दिसेनासा करणे हा आहे. भारताचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्यास चिथावणी रोखणे, या कारणांसाठी केंद्र सरकार कोणताही मजकूर लोकांना पाहता येऊ नये असा आदेश देऊ शकते. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाला, म्हणजे मजकूर वाहून नेणाऱ्या वा साठवणाऱ्या कंपनीला, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

न्यायालयाने हे कलम टिकवले ते तीन आधारांवर. कारणे अनुच्छेद १९(२)शी जुळणारी आहेत. आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे रिट याचिकेत त्यांना आव्हान देता येते. आणि निर्णयापूर्वी सुनावणी घेणारी समिती आहे. नियम ८ प्रमाणे केवळ मध्यस्थच नव्हे, तर मूळ लेखकाचा शोध लागला तर त्याचेही म्हणणे ऐकले जाईल, असा अर्थ न्यायालयाने लावला. कागदावर ही रचना समाधानकारक वाटते. समितीत विधी व न्याय, गृह, माहिती व प्रसारण या मंत्रालयांचे सहसचिव दर्जाचे प्रतिनिधी असतात. सुनावणीसाठी किमान ४८ तासांची मुदत असते. पुनर्विलोकन समितीने दोन महिन्यांतून एकदा तरी बसावे अशी अपेक्षा असते.

परंतु याच नियमांत क्रमांक १६चा नियम आहे. प्राप्त झालेल्या विनंत्या, तक्रारी आणि त्यांवर झालेली कारवाई यांबाबत काटेकोर गुप्तता पाळावी, असे तो सांगतो. निकालात या नियमाचा उल्लेख येतो. त्याची चिकित्सा मात्र येत नाही. हेच या संहितेतील सर्वांत मोठे मौन आहे. कारणे लेखी नोंदवली जातात म्हणून आव्हान शक्य आहे, असे एका परिच्छेदात म्हणायचे आणि ती लेखी कारणे ज्याला आव्हान द्यायचे आहे त्याच्यापासून गुप्त ठेवणारा नियम शेजारीच अबाधित सोडायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. लेखकाच्या हाती आदेश नाही, तर तो याचिकेत जोडणार काय?

दुसरी अडचण एका अव्ययाची आहे. नियम ८ मध्ये ‘व्यक्ती किंवा मध्यस्थ’ यांचा शोध घ्यावा असे शब्द आहेत. न्यायालयाने त्याचा उदार अर्थ लावला. प्रशासनाला मात्र ‘किंवा’ पुरेसा होता. मध्यस्थाला कळवले की नियम पाळला गेला. मध्यस्थ ही एक व्यापारी संस्था आहे. कैदेची टांगती तलवार डोक्यावर असताना कोणा अनोळखी लेखकाच्या एका लेखासाठी ती समितीपुढे झगडेल, अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे होईल. लेखकाला कळते ते बहुधा वाचकाच्या तक्रारीवरून : पान उघडत नाही.

राजपत्रातील बंदी

ही गुप्तता अपरिहार्य आहे काय, हे तपासण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. छापील पुस्तकांच्या बंदीचा भारतीय कायदा पाहणे पुरेसे आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ नुसार राज्य सरकार एखादे पुस्तक वा वृत्तपत्राचा अंक जप्त करू शकत असे, मात्र त्यासाठी अधिसूचना काढावी लागे आणि तीत सरकारच्या मताची कारणे द्यावी लागत. कलम ९६ प्रमाणे, ज्याचा त्या प्रकाशनात हितसंबंध आहे अशा कोणालाही दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येई आणि त्याचे म्हणणे तीन न्यायाधीशांचे विशेष पीठ ऐके. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत याच तरतुदी कलम ९८ व ९९ म्हणून कायम आहेत. हा सांगाडा मूळचा ब्रिटिश अमदानीतला आहे, ही बाब नजरेआड करू नये. परकीय सरकारलाही पुस्तक जप्त करताना कारण छापण्याची सक्ती स्वतःवर घालून घ्यावी लागली होती. हरनाम दास खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच केले, की कारणे न देता काढलेला जप्तीचा आदेश टिकू शकत नाही.

महाराष्ट्राने या तरतुदीचे कामकाज जवळून पाहिले आहे. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकातील मजकुराविषयी तीव्र आक्षेप होते आणि आजही आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे आहे ते असे, की या बंदीला आव्हान देण्यासाठी ना लेखक पुढे आला ना प्रकाशक. संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला हे तीन नागरिक न्यायालयात गेले. वाचक म्हणून त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कोणत्या समाजगटांत तेढ निर्माण होईल हे अधिसूचनेत सांगितलेलेच नाही, हा दोष निर्णायक ठरला. अधिसूचना राजपत्रात छापली होती, म्हणून तिच्यातील ही उणीव दिसली. ती जर एखाद्या पाकिटातून थेट छापखान्याकडे गेली असती, तर बंदी घालणारे आणि छापणारे यांच्याखेरीज कोणाला काही कळले नसते.

म्हणजे एकच मजकूर पुस्तकात असेल तर त्याच्या बंदीला राजपत्र, कारणे, मुदत, तीन न्यायाधीश आणि वाचकाचाही हक्क. तोच मजकूर पडद्यावर असेल तर समिती, गुप्तता आणि कंपनीला पाठवलेले पत्र. माध्यम वेगळे आहे, त्यामुळे कायदा वेगळा असू शकतो, असे श्रेया सिंघल निकालात म्हटले आहे आणि ते तत्त्वतः मान्य करता येईल. इंटरनेटचा वेग छापखान्याला नाही. पण वेग हे तातडीच्या कारवाईचे कारण होऊ शकते. ती तशी नियम ९ मध्ये आहेच. तातडी संपल्यानंतर, महिन्यांनी आणि वर्षांनी, आदेश लपवून ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

संसदेत सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे कलम ६९अ खाली २०१४ मध्ये ४७१ दुवे बंद करण्यात आले. २०२० मध्ये ही संख्या ९,८४९ झाली. २०२२ मध्ये ६,७७५. यांतील किती दुवे शत्रुराष्ट्राच्या प्रचाराचे, किती दंगल पेटवणारे आणि किती नुसतेच गैरसोयीचे, हे अभ्यासकाला ठरवता येणार नाही. त्याच्या हाती संख्या आहे, संहिता नाही.

उपरोधाचे वाचन

गुप्ततेचा परिणाम केवळ न्यायावर होत नाही, वाचनावरही होतो. या संदर्भात एक प्रकरण वाङ्मयाच्या अध्यापकांनी आवर्जून पाहावे असे आहे. एका पत्रकाराने ‘डाउरी कॅल्क्युलेटर’ नावाचे संकेतस्थळ तयार केले होते. उपवर मुलाची जात, शिक्षण, नोकरी, पगार अशी माहिती भरली की त्याला किती हुंडा ‘योग्य’ आहे याचा आकडा पडद्यावर येई. हुंडापद्धतीच्या हिशेबी निर्लज्जपणाची ती टिंगल होती. दहावीच्या वर्गात व्याजोक्ती शिकलेल्या विद्यार्थ्यालाही तिचा रोख समजावा. २०१८ मध्ये हे संकेतस्थळ सरकारने बंद केले. कर्त्याला नोटीस नाही, आदेशाची प्रत नाही. विचारणा केल्यावर गुप्ततेचा नियम पुढे करण्यात आला. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला आदेशाची प्रत द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे असे सांगितले. आपले लेखन कोणत्या कारणासाठी बंद झाले, हा कागद मिळण्यासाठीच चार वर्षे गेली.

हुंड्याची जाहिरात हा स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे, हे खरे. पण कलम ६९अ मधील कारणांच्या यादीत हुंडा कोठेच बसत नाही. सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्रसंबंध यांपैकी कशालाही त्या टिंगलीने धक्का लागण्यासारखा नव्हता. कारण उघडपणे छापावे लागले असते, तर ही विसंगती पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात आली असती. बहुधा ती लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्याच लक्षात आली असती. कारण लोकांसमोर मांडावे लागते तेव्हा मजकूर नीट वाचावा लागतो. ते मांडावे लागत नसेल तर वाचण्याचीही सक्ती उरत नाही.

याच्या शेजारी ‘कीचकवध’ ठेवून पाहावे. महाभारतातील कथेत कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पीडित मातृभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे रूपक प्रेक्षकांना कळले. ते सरकारलाही कळले. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्स्लेटरच्या कचेरीत देशी भाषांतील लेखन नियमितपणे वाचले जाई, त्याचे सार इंग्रजीत जाई. टिळकांच्या १९०८च्या खटल्यात तर बचावाचा मोठा भाग मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतराला आक्षेप घेण्यात गेला. सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या मताने टिळक दोषी ठरले, सहा वर्षांची शिक्षा झाली. न्याय झाला नाही. पण शब्दाचा अर्थ काय, यावर भर न्यायालयात वाद झाला. वसाहतवादी परिनिरीक्षक हा स्वातंत्र्याचा शत्रू होता आणि चांगला वाचकही होता, हे कबूल करणे कटू असले तरी भाग आहे. त्याने रूपक ओळखले म्हणून बंदी घातली. ‘डाउरी कॅल्क्युलेटर’च्या बाबतीत उपरोध ओळखला गेला नाही म्हणून बंदी आली.

श्रेया सिंघल निकालाच्या पूर्वार्धात विमानतळाच्या थट्टेचा खटला आहे, हे येथे पुन्हा आठवावे. थट्टेचा अर्थ लावताना न्यायाधीशही चुकतात, म्हणून संदिग्ध कायदा नको, असे जो निकाल सांगतो, तोच निकाल थट्टा ओळखण्याचे काम बंद दाराआडच्या समितीवर सोपवून निर्धास्त होतो. शिक्षेच्या बाबतीत जी सावधगिरी, ती लोपाच्या बाबतीत नाही. लेखकाला तुरुंगात टाकणे हा अभिव्यक्तीवरील घाला आणि त्याचे लेखन नाहीसे करणे हा केवळ प्रशासकीय व्यवहार, असा भेद निकालाने कोठेही शब्दांत केलेला नाही. त्याच्या रचनेतून मात्र तो होतो.

अफवेचा प्रश्न

अर्थात सरकारच्या हाती असे कोणतेच साधन असू नये, असे म्हणणे महाराष्ट्रात तरी बेजबाबदारपणाचे होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ही अफवा मोबाइलवरून फिरत होती. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातील विद्यार्थी व कामगार भीतीने पुणे, बंगळूर सोडून निघाले होते. रेल्वे स्थानकांवरील ती गर्दी पुण्यातील अनेक प्राध्यापकांनी पाहिली असेल. शब्द माणसे मारतो, याचे पुरावे दूर शोधावे लागत नाहीत.

पण याच दोन उदाहरणांतून गुप्त बंदीची मर्यादाही दिसते. राईनपाड्याची अफवा ज्या व्हॉट्सअॅपसारख्या खासगी संदेशांतून पसरत होती, तेथे कोणता दुवा बंद करणार? कलम ६९अ चे हत्यार उघड्या पानांवर चालते. खासगी, कूटबद्ध संदेशांपर्यंत ते पोचत नाही. आणि २०१२ मध्ये सरकारने बंद केलेल्या तीनशेहून अधिक दुव्यांची यादी जेव्हा बाहेर आली, तेव्हा तीत अफवांचे खंडन करणारी पानेही असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. अफवा आणि अफवेचे खंडन यांत एकच शब्द, एकच छायाचित्र येते. फरक कळण्यासाठी पुन्हा वाचावेच लागते. ती यादी बाहेर आली नसती तर ही चूक सरकारलाही कळली नसती.

निकालानंतर

कलम ६६अ रद्द झाले तरी मेले नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीप्रमाणे अकरा राज्यांतील जिल्हा न्यायालयांत या कलमाखालील ७४५ प्रकरणे प्रलंबित होती. न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही कारवाई करू नये असे पुन्हा बजावावे लागले. ठाण्यातील छापील कायद्याच्या पुस्तकात कलम शिल्लक होते, तळटीप कोणी वाचली नाही, असे एक स्पष्टीकरण या संदर्भात दिले गेले. ते खरे मानले तरी सुखावणारे नाही.

कलम ६९अ बाबत न्यायालयांची भूमिका एकसारखी राहिलेली नाही. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट सेवा खंडित करणारे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असे ठरवले. आदेश माहीत नसेल तर आव्हान देता येत नाही, हा साधा तर्क त्यामागे होता. संपूर्ण जिल्ह्याचे इंटरनेट बंद करण्याचा आदेश प्रसिद्ध करायचा आणि एका लेखाचे पान बंद करण्याचा आदेश गुप्त ठेवायचा, या विसंगतीचे समर्थन अद्याप कोणी केलेले नाही. दुसऱ्या बाजूला ३० जून २०२३ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ट्विटरची याचिका फेटाळली आणि कंपनीवर ५० लाख रुपयांचा खर्च लादला. त्या याचिकेत कंपनी होती. ज्यांचे लेखन बंद झाले ते लेखक चर्चेच्या कडेलाच राहिले.

मुंबई उच्च न्यायालयाने मात्र वेगळी दिशा दाखवली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे काय हे सरकारच्याच सत्यशोधन कक्षाने ठरवावे, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये आला. उपरोधकार कुणाल कामरा यांनी त्याला आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले यांची मते विभागली. त्यानंतर तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियमाविरुद्ध मत दिले आणि तो रद्द झाला. न्यायाधीशांच्या मतांतील हा फरक श्रेया सिंघल निकालातील संदिग्धतेच्या विवेचनाला पुष्टी देणाराच आहे. ‘दिशाभूल करणारा’ हा शब्द ‘त्रासदायक’ या शब्दाचा सख्खा भाऊ शोभतो.

आणखी एक वाट श्रेया सिंघल निकालाच्या तिसऱ्या भागातून फुटली. कलम ७९(३)(ब)चा अर्थसंकोच करताना न्यायालयाने म्हटले होते, की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच मध्यस्थाने मजकूर काढावा. वापरकर्त्याच्या कोणत्याही तक्रारीवर लेखन काढले जाऊ नये, हा हेतू. पण ‘सरकारची अधिसूचना’ या शब्दांना दार समजून ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सहयोग’ हे पोर्टल उभे राहिले, ज्यातून निरनिराळ्या यंत्रणा थेट कंपन्यांना सूचना पाठवू शकतात. येथे कलम ६९अ मधील समिती आणि सुनावणीही नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी या व्यवस्थेविरुद्धची एक्स कंपनीची याचिका फेटाळताना श्रेया सिंघल निकाल २०११च्या नियमांच्या संदर्भातील होता आणि तो आजच्या नियमांना जसाच्या तसा लावता येणार नाही, असे मत दिले. दहा वर्षांत सनदेचे रूपांतर ऐतिहासिक दस्तऐवजात होण्याचा हा प्रवास बोलका आहे. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून अशा सूचना सहसचिव वा तत्सम वरिष्ठ अधिकाऱ्यानेच, कारणांसह द्याव्यात असे ठरवले. सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र कारणांसह आलेली ती सूचना जाते मध्यस्थाकडे. लेखकाकडे नाही आणि वाचकाकडे तर नाहीच.

नियम ८ मधील अव्ययाकडे लक्ष वेधणारी याचिका याआधीच, मार्च २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती आणि न्यायालयाने तीवर केंद्र सरकारला नोटीस काढली. लेखकाची ओळख पटण्यासारखी असेल तेव्हा नोटीस त्यालाही मिळावी, म्हणजेच ‘व्यक्ती किंवा मध्यस्थ’ येथील ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ असा वाचावा, एवढीच मागणी तीत आहे.